चौघींनी मिळून पाहिलेला ड्रायव्हर

पावसाआधी ओसरीखाली सरपण रचतात ना, तसे कोर्टाचे किस्से साठत जातात. एकेक काटकी आणून टाकायची, मोजायची नाही. मग एक दिवस वर पाहावं तर ढीग पार वाशाला टेकलेला! आमचं सरपण तर खडखडीत वाळलेलं. काडी लावायचाच उशीर.

आमचं म्हणजे आम्हा चौघींचं. एक मी. खोडाळ्याच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात दिलेली, जव्हारच्या कॉलेजातून बीए झालेली, आणि त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणून पाड्यात येणारा प्रत्येक कागद वाचून दाखवणारी. मला कोणी नावाने हाक मारत नाही. "ए बीए!" एवढंच. दुसरी सुगंधा, माझी चुलत जाऊ, तोंडाने लवंगी फटाका. तिसरी जाईबाई, साठी उलटलेली. तिला सगळे डोसी म्हणतात, म्हणजे म्हातारी, आणि तिला ते मानाचं वाटतं. चौथी जनीकाकू. तिला उजवा पाय गुडघ्याच्या वरपासून नाही. केस तिचीच आहे.

झालं ते असं. दोन वर्षांपूर्वी, खोडाळ्याच्या बाजाराचा दिवस. जीप शेठची. शेठ म्हणजे तीन जीपा, एक हार्डवेअरचं दुकान, आणि कुठल्याही ऑफिसात गेला की त्याच्यासाठी कोणीतरी खुर्चीतून उठतंच, असा माणूस. ही जीप रोज आमच्याच पाड्यातला हरी चालवतो. त्या दिवशी शेठच्या पोराला, बंटीला, स्टिअरिंगची हौस आली. हरी टपावर गोण्यांबरोबर बसला. वळणावर जनीकाकू शेत भाजायला लागणारा कवळाचा, म्हणजे झाडपाल्याचा भारा उतरवून उभी होती. बंटीच्या एका हातात मोबाईल. जीप तिच्या पायावरून गेली. बंटी दार उघडून रानात पळाला. आणि दुसऱ्या दिवशी कागदावर ड्रायव्हर कोण? हरी!

हरीने ते कबूल का केलं, असं जव्हारला सगळे विचारतात. पाड्यात कोणी विचारत नाही. हरीचं घर शेठच्या जागेत आहे.

त्या जीपमध्ये सतरा माणसं होती. पोलीस आले तेव्हा त्यातली पंधरा "आम्ही नव्हतोच त्या गाडीत" म्हणाली. उरल्या सुगंधा आणि मी. सुगंधा मागे बसलेली, तिला ड्रायव्हरची उलटी टोपी दिसली. डोसीने आपल्या बांधावरून लाल शर्ट रानात पळताना पाहिला. जनीकाकूने जीपचा नंबर पाहिला. मी तर ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेली, म्हणून मुख्य साक्षीदार मी.

आणि मी त्याचं तोंडच पाहिलेलं नाही!

बाजाराच्या दिवशी आमच्याकडे जीपच्या पुढच्या सीटवर चौघं बसतात. ड्रायव्हरशेजारी जो बसतो त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये गिअर येतो. आठ महिन्यांची परी मांडीवर, पदराखाली दूध पीत होती. मी मेल्याहून मेले, मान खाली घातली ती खोडाळ्यापासून वळणापर्यंत वर केलीच नाही. पदराच्या कडेखालून जेवढं दिसतं तेवढंच माझं जग. "ओ ताई, गुडघा सरका!" हा आवाज तेवढा ऐकला. तो हरीचा नव्हता. हरी मला वहिनी म्हणतो.

तर चौघींनी मिळूनही एक माणूस पुरता पाहिलेला नाही. असे आम्ही साक्षीदार.

* * *

दीड वर्षाने सरकारी वकिलांनी आम्हाला तयारीसाठी जव्हारला बोलावलं. मॅडम तरुण, डोळ्यांखाली काळं, टेबलावर फायलींचा डोंगर. म्हणाल्या, "तुमचे पोलिसांनी लिहून घेतलेले जबाब वाचून दाखवते. नीट ऐका."

पहिला सुगंधाचा. "मी घरकाम आटोपून रस्त्याने जात असता गाडीचा मोठा आवाज आल्याने मागे वळून पाहिले असता, चालक हरी याने..."

सुगंधा म्हणाली, "मी तर गाडीत होते!"

दुसरा डोसीचा. "मी घरकाम आटोपून रस्त्याने जात असता गाडीचा मोठा आवाज आल्याने मागे वळून पाहिले असता..."

तिसरा माझा. मीसुद्धा घरकाम आटोपून रस्त्याने जात होते! ज्या जीपमध्ये बसले होते, तिचाच आवाज आला म्हणून मी मागे वळून पाहिलं होतं!

मॅडमनी चौथा कागद उचलला आणि वाचायच्या थांबल्या. मी डोकावून पाहिलं. जनीकाकूचा होता. "मी घरकाम आटोपून रस्त्याने जात असता गाडीचा मोठा आवाज आल्याने मागे वळून पाहिले असता, एक महिला जखमी अवस्थेत पडलेली दिसली."

लिहून घेणाऱ्या त्या हवालदाराचा राग आलाच, पण खरा राग माझा मला. लिहिलेलं वाचून दाखवा, असं म्हणायला त्या दिवशी तिथे एकच शिकलेली बाई होती. ती काय करत होती? परी रडतेय म्हणून व्हरांड्यात फेऱ्या मारत होती!

जनीकाकूने नाकाला पदर लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"बाय," ती मॅडमना म्हणाली, "मग तिला उचलली का नाय मी?"

* * *

मॅडमना खरा धक्का त्यानंतर बसला. सुगंधाने एका दमात सगळं सांगून टाकलं, बंटीची हौस, टपावरचा हरी, रानातला लाल शर्ट. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे माझा आरोपीच चुकीचा आहे?"

"हरी? तो तर गरीब हाय बिचारा," सुगंधा म्हणाली. "त्याला सोडा आणि दुसरा धरा."

"असं बाजारात भोपळा बदलून घेतल्यासारखं नाही करता येत, ताई! तुम्ही कोर्टात शपथेवर सांगायला हवं. ते कोर्टाला पटलं, तर पुढे खऱ्याला बोलावता येतं. नाही पटलं तर हरी सुटेल, बंटी सुटेल, आणि जनीबाईंच्या पायावरून जीप कोणीच नेली नाही असं होईल."

जनीकाकू शांतपणे म्हणाली, "तसं होऊ नको देऊ. माझं काय बी होऊ दे. पण कोणीच नेली नाय, असं नको."

आमची केस एवढीच आहे. बाकी सगळे किस्से.

* * *

साक्ष द्यायची तर खरं बोलायचं, हे आमच्याकडे कोर्टाने नव्हतं शिकवलं. आमच्याकडे वाघदेव आहे. पाड्याच्या वर, लाकडावर कोरलेला, शेंदूर लावलेला. त्याच्यापुढे नारळ ठेवून बोललं, की जेवढं आपल्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलायचं. ऐकीव बोललं तर वाघ गोठ्याची वाट विचारत येतो.

डोसीने मॅडमना भेटायच्या आदल्या दिवशी नारळ ठेवला. मला आधी सांगितलं असतं, तर मी हात जोडून थांबवलं असतं.

मॅडम म्हणाल्या, "आजी, आधी साधे प्रश्न. तुमचं वय?"

"मी नाय पाह्यलं."

"म्हणजे?"

"मी जल्मले तवा मी बारीक होते. माझ्या आईनं पाह्यलं. ती मेली."

"बरं. नवरा आहे का?"

"नाय."

"कधी वारले?"

"मरताना मी नाय पाह्यला. मी लावणीला होते. आले तवा मेलेला होता."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "आजी, ज्या मुलीच्या घरी राहता, ती तुमचीच ना?"

डोसी विचारात पडली. मग म्हणाली, "हां. ती पाह्यली."

* * *

एकदा मी घरीच सराव घ्यायचं ठरवलं. आमच्या ओट्यावर. न्यायाधीश जनीकाकू, कारण पाड्यातली एकुलती प्लास्टिकची खुर्ची तिच्याकडे. सुगंधा आरोपीचा वकील. तिने नवऱ्याचा काळा रेनकोट चढवला, भर उन्हात!

मला वाटलं गंमत होईल. सुगंधा ओट्यावर येरझाऱ्या घालायला लागली आणि गंमत संपली.

"तुम्ही ड्रायव्हरचं तोंड पाह्यलं का?"

"नाही, पण..."

"हो का नाय तेवढंच!"

"नाही."

"शेजारी बसून नाय पाह्यलं? डोळे कोठं होते?"

"पोरीकडे."

"पोरगी मांडीवर, आणि ड्रायव्हर मोबाईलवर बोलतोय हे तुम्हाला कळत होतं. मग गाडी थांबवा असं बोलला का?"

नव्हते बोलले. एवढंच शिक्षण, एवढा घसा, आणि मी तेव्हा दोन शब्द बोलले नव्हते. शेठचं पोरगं, जाऊ दे, आत्ता येईल पाडा, असं मनात म्हणत पदर सारखा करत बसले होते. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ओट्यावर पाड्यातल्या निम्म्या बायका बसलेल्या, आणि मी तोंड दाबून रडायला लागले.

सुगंधा घाबरली. "अगं बीए, मी आपली तशीच... ए काकू, सांग ना हिला काहीतरी!"

जनीकाकूने खुर्चीच्या हातावर कुबडी आपटली. "कोर्ट सांगतं," ती म्हणाली, "ही नाय बोलली. पंधरा जण तर गाडीतच नव्हते, तेबी नाय बोलले. मी रस्त्यावर होते, मी जोरात बोंबलले. काय थांबली का गाडी? चला, च्या टाका."

* * *

मग शेठ आला. स्वतः! बिनआवाजाच्या नव्या गाडीतून. ओसरीवर बसला. परीसाठी बोलणारी बाहुली आणलेली.

आता माझी बहादुरी ऐका. या माणसाला काय काय सुनवायचं, याची दीड वर्ष मनात तालीम केलेली मी, आत गेले आणि चहा टाकला. वेलची घालून! हात आपोआप चालले. आजही वेलचीचा वास आला की माझा मला संताप येतो.

शेठचं बोलणं गोड. "आपण एकाच भागातली माणसं. उद्या तुमच्या पोरीला ताप आला तर जव्हारला न्यायला गाडी कोणाची? कोर्टात काय, दोन वर्षांनी माणूस विसरतो. विसरला तर कोणी फाशी देत नाही." मग परीच्या गालाला हात लावून म्हणाला, "सांभाळा हिला. रस्त्याला गाड्या फार झाल्यात."

त्या दिवसापासून परी अंगणात दिसली नाही की मी आधी रस्त्याकडे धावते.

जनीकाकू तिथेच भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खरं आहे शेठ. विसरतो माणूस. मीबी रोज विसरते. झोपेतून उठते, आणि दोन पायांवर उभी राह्यला जाते."

शेठने चहा अर्धा ठेवला. बाहुली पुढे महिनाभर बोलत होती, "हॅलो, आय लव्ह यू." मग मी तिचे सेल काढून टाकले.

* * *

नवरा भिवंडीला गोदामात कामाला आहे. त्याचा फोन आला. शेठचा कोणीतरी माणूस तिथवर पोचला असणार.

"तू कशाला पडतेस यात? पेपरवर हरी आहे ना? राहू दे. हरीची हरकत नाही, तर तुला काय?"

मी म्हटलं, "उद्या परीच्या अंगावर कोणी गाडी घातली, आणि पेपरवर तुमचं नाव लिहिलं तर?"

पलीकडून ट्रक रिव्हर्स घेताना वाजतात ती टीं-टीं ऐकू आली. मग म्हणाला, "साक्षीला निळी साडी नेस. तुला हिंमत आल्यासारखी दिसते."

* * *

हरीबद्दल आता सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याच्यावर उगाच चिडाल. आम्ही चिडलो होतो. सुगंधा तर वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हती. पण पाडा एक, पाणवठा एक, आणि कोर्टाच्या तारखेला चहाची टपरीही एकच. आरोपी आणि साक्षीदार एकाच बाकावर!

परीचं आणि त्याचं भलतंच जमलं. कोर्टाच्या तारखा पडत होत्या तोवर परी चालायला लागली, बोलायला लागली. टपरीवर गेलं की सरळ हरीच्या मांडीवर. हरीच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं नाहीत. पोरवयात भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात गेली. पाड्याला त्याचं काही वाटत नाही, तो तीन बोटांनी जीप चालवतो, जाळं विणतो, सगळं करतो. पण परीला बोटं मोजायचा नवा नाद लागलेला. ती दर वेळी त्याचा पंजा उघडायची.

"दोन कुथे?"

"तू खाल्लीस," हरी म्हणायचा.

"कधी?"

"लहान होतीस तवा. बिस्किट समजून."

परी गंभीर व्हायची. मग आपल्या पुड्यातली दोन बिस्किटं काढून त्याच्या हातात, जिथे बोटं नाहीत तिथे, खोचायची.

सुगंधा दुसरीकडे बघत म्हणाली, "मेला, माणूस वाईट असता तर बरं झालं असतं!"

* * *

आता जाण्यायेण्याचं. पहिल्या साक्षीच्या दिवशी सकाळची एसटी आलीच नाही. नऊ वाजले. दहाला कोर्टात हजर नाही तर मॅडम काय म्हणतील, साक्षीदार फुटले म्हणतील, वॉरंट निघेल, मला आत टाकतील, परीला दूध कोण... माझं डोकं एवढं धावेपर्यंत वळणावरून एक जीप आली. शेठची. तीच! चालवायला हरी.

रस्त्याला दुसरं वाहन नाही. चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी जनीकाकू म्हणाली, "एकदा माझ्यावर बसली ती. आथा मी तिच्यावर बसते," आणि तिने कुबडी आत टाकली.

ज्या जीपने पाय नेला, त्याच जीपमध्ये पाय गेलेली बाई, तिचे तीन साक्षीदार आणि आरोपी! सगळी केस एका गाडीत. कोर्टाच्या अलीकडच्या चढावर हरीने गाडी थांबवली.

"वहिनी, इथं उतरता का? वकीलसाहेब म्हणले, साक्षीदारांसंगं दिसू नको."

उतरलो. जनीकाकूसकट चढ चढलो. धापा टाकत कोर्टाच्या आवारात पोचलो तर हरी पिंपळाखाली उभा. आम्हाला पाहून दोन पावलं पुढे आला आणि मोठ्याने, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे वा, कवा आलात?"

* * *

त्या दिवशी जनीकाकूची आणि डोसीची साक्ष झाली. एकाची साक्ष दुसऱ्या साक्षीदाराने ऐकायची नसते, म्हणून आम्हाला व्हरांड्याच्या टोकाला पाठवलं. जनीकाकूचं तिनेच बाहेर आल्यावर सांगितलं. आरोपीचा वकील म्हणाला होता, "तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभ्या होतात, हे खरं ना?"

ती म्हणाली, "साहेब, आमचा रस्ता पाह्यला का? त्याला कडा आणि मध्य एकच आहे."

डोसीचं कोणी सांगायची गरज पडली नाही. तिचा आवाज समोरच्या झेरॉक्सवाल्यालाही ऐकू येत होता.

"आजी, तुम्ही किती लांबून पाहिलं?"

"माझ्या बांधावरून!"

"बांध किती लांब?"

"रानडुकराला दगड मारते तेवढा!"

"एवढ्या लांबून दगड लागतो का डुकराला?"

"ते डुकराला विचार!"

झेरॉक्सवाला मशीन सोडून बाहेर आला.

हे वकीलसाहेब शेठने हरीसाठी दिलेले. गंमत बघा. जगातला प्रत्येक आरोपीचा वकील सांगतो, माझा माणूस तिथे नव्हता. हा एकटा घसा फोडून सांगत होता, की स्टिअरिंगवर माझाच माणूस होता! चूक फक्त त्या बाईची, ती मध्ये आली. बंटी? कोण बंटी? बंटी त्या दिवशी नाशिकला.

* * *

माझी तारीख पुढच्या महिन्यात आली. निळी साडी नेसले. रात्रभर उत्तरं पाठ करून जे काही जमवलं होतं, ते पिंजऱ्यात पाय ठेवताच साफ गेलं. मॅडमनी आधीच बजावलं होतं, "चेहरा पाहिला का, इथेच ते तुम्हाला धरणार. न पाहिलेलं पाहिलं म्हणू नका. बाकी मी बघते." पण त्यांच्या चेहऱ्यावर बाकी फारसं उरलेलं दिसत नव्हतं.

सुगंधाची साक्ष आधी झाली होती, म्हणून ती परीला घेऊन आत बाकावर बसली. मी शपथ घेत होते, तेवढ्यात परी तिच्या हातातून निसटली आणि तुरुतुरु मागे उभ्या असलेल्या आरोपीकडे गेली. शिपाई धावला. परीने हरीचा डावा हात गच्च धरला आणि भोंग्यासाठी तोंड उघडलं. न्यायाधीश चष्म्यावरून म्हणाले, "राहू द्या. रडण्यापेक्षा बरं."

मॅडमच्या प्रश्नांना मी उत्तरं दिली. गाडी हरी चालवत नव्हता, म्हणाले. आवाज दुसरा होता, म्हणाले. मग वकीलसाहेब उठले.

"पोलिसांसमोर तुम्ही हरीचं नाव सांगितलंत."

"नाही सांगितलं. त्यांनी लिहिलं."

"शिकलेल्या आहात. वाचलं नाही?"

"पोरगी रडत होती."

"म्हणजे तेव्हा लक्ष पोरीकडे, गाडीतही लक्ष पोरीकडे. ड्रायव्हरचा चेहरा पाहिला?"

"नाही."

ते थांबले. खुशीत आले. न्यायाधीशांकडे वळून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे बाईंनी ड्रायव्हर पाहिलाच नाही. पदराखालून पाहिला असेल!"

मागे कोणीतरी हसलं. शेठ हसला असणार, तो पहिल्या बाकावर होता.

मला काय झालं सांगू? आधी मान खाली गेली. सवयीने. अगदी तशीच, जशी त्या दिवशी गेली होती. मग टाळूपर्यंत काहीतरी चढलं. हवालदाराने लिहिलेला तो एकच जबाब, वेलचीचा चहा, परीच्या गालावरचा शेठचा हात, सगळं एकदम. आणि डोसीचं ते, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. तेवढंच! पण तेवढं तरी बोलायला कोणाच्या बापाची भीती?

"हो," मी म्हटलं. "पदराखालूनच पाहिला."

"काय पाहिलं पदराखालून?"

"हात. माझ्या गुडघ्यापाशी, गिअरवर. खोडाळ्यापासून वळणापर्यंत तोच बघत होते, मला लागू नये म्हणून. मधल्या बोटात चांदीची अंगठी होती, सिंहाच्या तोंडाची. त्याच्या शेजारच्या बोटात तांब्याची."

वकीलसाहेब आणखी खुलले. "अंगठी काय, कोणीही घालतो! हरी घालत नसेल कशावरून?"

मॅडम झटकन उभ्या राहिल्या, पण न्यायाधीशांनी हातानेच त्यांना बसवलं. त्यांचं लिहिणं थांबलं होतं.

"कोणता हात, बाई?"

"डावा, साहेब. गिअर डाव्या हातानेच टाकतात."

"आरोपी, डावा हात वर करा."

हरीने उजवा वर केला.

"डावा."

हरीने शेठकडे पाहिलं. मग खाली परीकडे. तिच्या मुठीतून त्याने एकेक करून बोटं सोडवली आणि हात वर केला. परीने वर त्या हाताकडे पाहिलं, मग सगळ्या लोकांकडे, आणि आता आपल्याला धरणार हे ओळखून मोठ्याने कबूल केलं,

"दोन मी खाल्ली!"